पोटावर चिकटवलेली नर्स

केमोथेरपीनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात. त्या लवकर भरून याव्यात म्हणून पेगफिलग्रॅस्टिम नावाचं औषध देतात. एकच इंजेक्शन, जेमतेम ०.६ मिलिलिटर. अडचण एवढीच, की केमो झाल्यावर २४ तासांच्या आत ते द्यायचं नसतं. म्हणजे आदल्या दिवशीच्या औषधांनी गळून गेलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायचं, आवरायचं, कुणाला तरी सोबत घेऊन रुग्णालय गाठायचं. कशासाठी, तर बारा थेंबांसाठी.

डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, यावरच्या एका तोडग्याला मान्यता दिली. न्यूलास्टा ऑनप्रो असं त्याचं नाव. काडेपेटीहून जराशी मोठी अशी ही डबी. केमो संपली की नर्स तिच्यात औषध भरते आणि पोटावर किंवा दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवते. डबी बीप वाजवते, साधारण तीन मिनिटांनी सुई आत जाते, एक मऊ नळी त्वचेखाली ठेवून सुई मागे येते. माणूस घरी जातो. डबी पुढचे सुमारे २७ तास नुसता दिवा लुकलुकत बसून राहते. मग पाऊण तासभर हळूहळू औषध सोडते.

यात मला सगळ्यात आवडते ती कामांची वाटणी. औषध दुसऱ्या दिवशी द्यायचं आहे, मग सुईही दुसऱ्याच दिवशी टोचली असती तर? पण सुई नीट गेली का, डबी नीट चिकटली का, हा सगळ्यात नाजूक भाग नर्स समोर असतानाच उरकून घेतलेला आहे. तिच्या मागे उरतं ते फक्त थांबणं आणि ढकलणं. यंत्राला ही दोन्ही कामं चांगली जमतात.

अंगावर लावायची इंजेक्शन-यंत्रं कशी घडवतात, हे समजून घ्यायचं तर मला वाटतं इथूनच सुरुवात करावी. लोकांना वाटतं, हा एक छोटा पंप आहे. पंप हा यातला सोपा भाग. इंजेक्शन देणारी नर्स दहा गोष्टी करते आणि त्यातल्या आठ तिच्या स्वतःच्याही लक्षात येत नाहीत. सिरिंजमधला बुडबुडा टिचकी मारून वर आणते. कातडीवर आधीचा वण किंवा सूज असेल तर जागा बदलते. दट्ट्या दाबताना हाताला अडथळा जाणवला की आपोआप वेग कमी करते. माणसाच्या चेहऱ्याकडे पाहते. सुई काढल्यावर ओलं झालंय का ते बघते. हे सगळं आता तळहातात मावणाऱ्या, एकदा वापरून फेकायच्या डबीत बसवायचं आहे, आणि डबीला ना डोळे, ना बोटं.

आता मुळात डबी हवी कशाला, गोळी का नाही? कारण गेल्या काही दशकांत आलेली बरीचशी महत्त्वाची औषधं ही प्रथिनं आहेत. संधिवात, आतड्यांचे आजार, कर्करोग यांवर वापरल्या जाणाऱ्या अँटिबॉडी म्हणजे अगडबंब रेणू. गोळी करून गिळल्या, तर जेवणातल्या प्रथिनांचं जे होतं तेच त्यांचं होईल, पोट त्या पचवून टाकेल. म्हणून टोचणं आलं. त्यात डोस असतो शेकडो मिलिग्रॅमचा. तेवढं औषध थोड्या पाण्यात विरघळवावं, तर द्रावण दाट होतं. एका मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की दाटपणा सरळ रेषेत न वाढता एकदम चढायला लागतो, कारण रेणू एकमेकांना घासायला लागतात. जास्त पाणी घालून पातळ करावं, तर दहा-वीस मिलिलिटर होतं. तेवढं एका दमात कातडीखाली कोण घेणार?

पेनसारखी जी स्वयंचलित इंजेक्शनं मिळतात, त्यांची झेप साधारण एक-दोन मिलिलिटरपर्यंत असते. ती माणसाने हाताने धरून ठेवायची असतात. दहा-पंधरा सेकंदांपलीकडे हात थरथरतो, लक्ष उडतं, आणि ‘झालं वाटतं’ म्हणून माणूस पेन उचलून मोकळा होतो.

मग सुई जाड करावी? दुखेल. बारीक करावी? इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. सुईच्या आतला व्यास निम्मा केला, तर तेच औषध त्याच वेगाने ढकलायला दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, सोळापट दाब लागतो. दाब व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. हागेन आणि प्वाझय यांनी एकोणिसाव्या शतकात हा नियम मांडला. त्यातला प्वाझय मुळात डॉक्टर. रक्त केसासारख्या नळ्यांतून कसं वाहतं, हे त्याला शोधायचं होतं. त्याचं समीकरण आज इंजेक्शनवाल्यांच्या मानगुटीवर बसलं आहे.

समीकरणात एकच स्वस्त गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. दोन मिलिलिटर दहा सेकंदांत द्यायचे, तर सेकंदाला ०.२ मिलिलिटरचा वेग हवा. दहा मिलिलिटर अर्ध्या तासात द्यायचे, तर वेग जवळजवळ छत्तीसपट कमी. सुई तीच, औषध तेच, दाबही छत्तीसपट कमी. हात काढून घेतला आणि डबी अंगाला चिकटवली, की वेळ जवळजवळ फुकट मिळतो. या सगळ्या उद्योगाचं मूळ एवढ्या एका हिशेबात आहे.

वेळ मिळाल्याचा आणखी एक फायदा. कातडीखालची चरबी म्हणजे रिकामी पिशवी नव्हे. पेशींच्या मधल्या जागेत हायल्युरोनन नावाचा जेलसारखा पदार्थ असतो आणि तो पाण्याला सहज वाट देत नाही. भराभर ढकललं की औषध तिथेच साचतं, टेंगूळ येतं, ताणल्यासारखं होतं. सावकाश दिलं तर ते पसरायला आणि शोषलं जायला सवड मिळते. हे जेल तात्पुरतं मोडणारं एक एन्झाइमही काही औषधांत मिसळतात, पण तो वेगळा विषय.

कधी कधी डबीचं कारण दाटपणा नसतंच, घड्याळ असतं. हृदय कमजोर झालेल्यांच्या अंगात पाणी साठतं. ते लघवीवाटे काढायला फ्युरोसेमाइड शिरेतून देतात आणि त्यासाठी रुग्णालयात राहावं लागतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मान्य झालेलं फ्युरोसिक्स हेच औषध अंगावरच्या यंत्रातून पाच तासांत देतं. पहिल्या तासात ३० मिलिग्रॅम, नंतरचे चार तास दर तासाला १२.५, एकूण ८०. पण शिरेतलं फ्युरोसेमाइड अल्कधर्मी असतं. वाहत्या रक्तात ते खपून जातं, कातडीखाली मात्र झोंबतं. म्हणून आधी औषधाचंच द्रावण नव्याने, उदासीन (ना आम्ल, ना अल्क) बनवावं लागलं. यंत्र करायला निघालं की औषधाला हात लावावा लागतो, हे या क्षेत्रात वारंवार होतं. शिवाय लघवी वाढवणारं औषध पाच तास चालणार म्हटल्यावर माणूस एका जागी बसणार नाही, हे उघड आहे. तो उठणार, वाकणार, कपडे वरखाली करणार, आणि डबीला ते सगळं सोसायला हवं.

ढकलण्याचा जोर कुठून आणायचा, याची उत्तरं मात्र मजेशीर आहेत. सगळ्यात साधी स्प्रिंग. बॅटरी नको, सॉफ्टवेअर नको. पण स्प्रिंग उलगडत जाते तसा तिचा जोर कमी होतो, आणि औषध फ्रीजमधून काढून थंडच वापरलं तर दाटपणा वाढून सगळा वेळच बदलतो. दुसरा मार्ग फुग्याचा. रबरासारख्या ताणलेल्या पिशवीत औषध भरायचं आणि तिला आकसू द्यायचं. एम्पावेली या औषधासाठी २०२३ मध्ये मान्य झालेलं यंत्र अशा तत्त्वावर २० मिलिलिटर देतं. तिसरा मार्ग मोटर आणि स्क्रूचा. चौथा मला फार आवडतो. ऑमनीपॉड या इन्सुलिनच्या डबीत निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची तार असते. वीज सोडली की ती तापून किंचित आखडते, वीज थांबली की सैल होते. प्रत्येक आखडण्यासरशी एक दातेरी चाक एकेक घर पुढे जातं आणि दट्ट्या सूतभर सरकतो. म्हणजे स्नायूच झाला. (१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्नल्ड कॅडिश यांनी बनवलेला पहिला इन्सुलिन पंप पाठीवरच्या सॅकएवढा होता, हे आठवलं की त्या तारेचं मोल कळतं.)

वीज आली की दिवे, बीप, घड्याळ, डोसची नोंद हे सगळं जमतं. आणि वीज आली की नव्या भानगडीही येतात. ऑनप्रोच्या सूचनांत लिहिलं आहे की मोबाइलसारखी उपकरणं डबीपासून निदान चार इंच लांब ठेवा. आता डबी पोटावर असेल आणि फोन शर्टाच्या नाहीतर पँटच्या खिशात, तर चार इंच म्हणजे किती, ते पाहा. बिनतारी जोडणीचं तर आणखीच. जे रॅडक्लिफ या स्वतः मधुमेही असलेल्या संशोधकाने २०११ च्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत दाखवून दिलं, की त्याच्या स्वतःच्या इन्सुलिन पंपात बाहेरून ढवळाढवळ करता येते. स्प्रिंगच्या डबीत ही भीती नाही. म्हणून एकदाच द्यायचं, एकाच वेगाने द्यायचं औषध असेल तर माझा कौल स्प्रिंग किंवा फुग्याला. थांबायचं, मोजायचं, वेग बदलायचा असेल तेव्हाच वीज.

औषध कशात ठेवायचं, हा प्रश्न ऐकायला कंटाळवाणा आहे आणि प्रकल्प बहुधा तिथेच अडकतात. कारखान्यातच भरलेली डबी वापरणाऱ्याला सगळ्यात सोपी, बनवणाऱ्याला सगळ्यात अवघड. औषध त्या नळीत महिनोन्‌महिने, कधी दोन-दोन वर्षं पडून राहणार. दट्ट्या गुळगुळीत सरकावा म्हणून काचेला आतून सिलिकॉन तेलाचा हात देतात. काही प्रथिनं त्या तेलाला चिकटून गाठी धरतात. निर्जंतुक करायचं, तर औषधावर किरण मारता येत नाहीत, प्रथिन मोडतं. इलेक्ट्रॉनिक्सलाही गॅमा किरण सोसत नाहीत. मग औषधाची नळी वेगळी, सुईचा मार्ग वेगळा निर्जंतुक करायचा, आणि दोन्हींची गाठ शेवटच्या क्षणी घालायची. माणूस बटण दाबतो तेव्हा आतली एक सुई रबरी बूच भोसकून औषधाच्या नळीत शिरते. बाहेर ऐकू येणारा तो ‘खट्’ म्हणजे बऱ्याचदा हाच.

आता चिकटपट्टी. इंजिनिअर मंडळी ती शेवटी बघू म्हणतात आणि शेवटी तीच रडवते. कातडी म्हणजे काही टेबलाचा पृष्ठभाग नव्हे. ती ताणली जाते, घामेजते, तेलकट होते, तिला केस असतात आणि वरचा थर सतत झडत असतो. खालून घट्ट पकडलेलं असलं तरी पकडलं आहे ते झडणाऱ्या पापुद्र्यालाच. डबी जितकी उंच, तितकी ती कडेवर जास्त ओढ देते. शर्ट अडकला, कुशीवर वळलं, की एक कोपरा उचकटतो, आणि एकदा कोपरा सुटला की उरलेली पट्टी सोलायला फार जोर लागत नाही. म्हणून पट्टी डबीच्या बुडाएवढीच ठेवत नाहीत, चारही बाजूंनी बाहेर झालर सोडतात. झालर पातळ आणि लवचीक असते, कातडीबरोबर ताणते, आणि ओढ एकाच कडेवर न येता पसरते. कोपरे गोल असतात तेही याचसाठी. टोकदार कोपरा आधी उचकटतो.

बरं, खूप घट्ट चिकटवावं, तर काढताना कातडी सोलवटते. ज्यांना ही औषधं लागतात त्यांतले बरेच जण वयस्कर, त्यांची कातडी कागदासारखी. वर ॲलर्जी. २०१७ च्या सुमारास साखर मोजणाऱ्या आणि इन्सुलिन देणाऱ्या चिकटत्या उपकरणांखाली लोकांना पुरळ येऊ लागल्याचं त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलं. दोष निघाला आयसोबॉर्निल ॲक्रिलेट या रसायनाचा. त्यातली गंमत म्हणजे ते कातडीला लागणाऱ्या पट्टीत मुद्दाम घातलेलं नसतंही. उपकरणाचे भाग जोडायच्या गोंदातून ते झिरपत खाली येऊ शकतं. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०२० साली त्याला ‘वर्षातला ॲलर्जन’ ठरवलं. आतल्या प्लास्टिकला कुठला गोंद लावलात, याचा जाब पोट विचारतं तो असा.

सुईच्या लांबीबाबत एक दिलासा आहे. माणूस सडपातळ असो वा स्थूल, कातडीची जाडी साधारण दोन मिलिमीटरच्या आसपासच असते. बदलते ती खालची चरबी. त्यामुळे काही मिलिमीटरची सुई सरळ काटकोनात गेली तरी बहुतेकांना पुरते, चिमटीत कातडी धरायची गरज नाही. सुई दिसतही नाही, ती आतून येते आणि बऱ्याचदा आतच परत जाते. घाबरणाऱ्यांसाठी हे वरदान. पण न दिसणाऱ्या सुईची दुसरी बाजूही आहे: ती गेलीच नाही, तरी ते दिसत नाही. मऊ नळी आत जाताना दुमडू शकते. म्हणून खिडकी, दिवा, आवाज, सरकणारी रंगीत पट्टी असे साक्षीदार उभे करावे लागतात.

आणि नळी तुंबली तर? नर्सच्या अंगठ्याला ते तत्क्षणी कळतं. डबीला कळायला वेळ लागतो, कधी कधी बराच. नेहमीच्या इन्सुलिनचा एक युनिट म्हणजे दहा मायक्रोलिटर. पंप एका वेळी ०.०५ युनिट सोडू शकतो, म्हणजे अर्धा मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचा शंभरावा भाग. अशा कणाकणाने ढकलताना पुढे वाट बंद असली, तरी नळी किंचित फुगते, रबर किंचित दबतं, आणि दाब जाणवण्याइतका वाढायला काही तास जाऊ शकतात. सूचना लवकर मिळावी म्हणून यंत्र हळवं केलं, तर माणूस नुसता कुशीवर वळला तरी ते ओरडणार. रात्री तीनदा उगाच ओरडणारी डबी चौथ्यांदा खरं बोलली तरी कुणी ऐकत नाही. या दोन्हींच्या मधला आकडा समीकरणातून मिळत नाही. चाचण्या करून, मग वाद घालून ठरवावा लागतो.

आवाजाचंही तसंच. छोट्या बीपरला उंच, किनरा सूर सोपा जातो, आणि उतारवयात कानाला आधी ऐकू येईनासे होतात ते नेमके उंच सूर. लाल-हिरव्या दिव्यांत ज्यांना फरक दिसत नाही, त्यांच्यासाठी लुकलुकण्याचा वेग वेगळा ठेवावा लागतो. संधिवाताच्या औषधाची डबी उघडायला बोटांत जोर लागतो, ही चूक तर चीड आणणारी आहे. कागद सोलायची चिमूट एवढीशी, आणि ती पकडायची आहे सुजलेल्या सांध्यांनी. म्हणूनच मान्यतेआधी खऱ्या वापरणाऱ्यांना, प्रत्येक गटातल्या निदान पंधरा जणांना, डबी हातात देऊन मध्ये काहीही न सुचवता पाहावं लागतं. पाहणाऱ्या इंजिनिअरला तेव्हा बोलायची मनाई असते. आपण केलेलं झाकण समोरचा माणूस उलटीकडून ओढतोय आणि आपण गप्प बसायचं, ही मोठी शिक्षा आहे. यात एक ठरलेलं दृश्य असतं: माणूस बटण दाबतो, मग आठवतं की पट्टीवरचा कागद सोलायचा राहिला. हे होऊ नये म्हणून काही यंत्रांत कातडीचा स्पर्श ओळखणारा सेन्सर असतो. अंगाला लागल्याशिवाय डबी चालूच होत नाही.

फेकून देण्याचा प्रश्न अजून कुणीच समाधानकारक सोडवलेला नाही. एका डबीत सुई, औषधाचा अंश, बॅटरी, सर्किट आणि प्लास्टिक एकत्र. सुई टोकदार कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात जायला हवी, बॅटरी तिथे नको. काही कंपन्या मोटरचा भाग पुन्हा वापरायचा आणि औषधाचा भाग टाकायचा असं करतात. मग दोन तुकडे जोडायचं काम पुन्हा त्याच सुजलेल्या बोटांकडे येतं.

त्या २७ तासांच्या डबीकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी बीप वाजते, पाऊण तास जातो, दिवा सांगतो की झालं. माणूस कड धरून डबी सावकाश सोलतो. सूचना म्हणतात: लाल दिवा लुकलुकत असेल, डबी गळत असेल किंवा पट्टी चांगलीच ओली लागली, तर लगेच डॉक्टरांना फोन करा, डोस चुकलेला असू शकतो. कारण डबी मोजते ते दट्ट्या किती सरकला, आपल्यातून किती बाहेर पडलं एवढंच. ते चरबीत गेलं की नळी निसटून पट्टीत मुरलं, हे तिला कळायला मार्ग नाही. त्यासाठी अजून तरी बोट लावून बघावं लागतं.